तोंडभर फोलपटं

तुम्ही हसणार, हे मला ठाऊक आहे. तेव्हा कबुली आधीच देऊन टाकते. सलग चार रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि त्याला कारण होता एक शेंगदाणा.

एक! पोतं नाही, मूठसुद्धा नाही. एकच शेंगदाणा, आणि तोही अजून कुणी खाल्लेला नव्हता.

झालं असं, की संक्रांत तोंडावर आली होती आणि मनूच्या बालवाडीची सहल निघाली होती. आम्ही वराळ्याला राहतो. इथून लोणावळा असं कितीसं लांब! पण शाळेच्या वहीत चिठ्ठी आली, 'चिक्की कशी तयार होते ते पाहण्यासाठी लोणावळ्यास भेट', आणि माझी झोप उडाली. चिक्की म्हणजे शेंगदाणे. शेंगदाणे म्हणजे ॲलर्जी. आणि ॲलर्जी म्हणजे... पुढचं मी सगळं वाचलेलं होतं. वाचायचं नसतं ना, तेच मी आधी वाचते.

तुम्ही विचाराल, मनूला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का? नाही. अजिबात नाही. एकदा लाडू खाल्ल्यावर ती तीनदा शिंकली होती, एवढंच. मी मोजल्या होत्या. मुलांच्या डॉक्टरांनी तिला नीट तपासून सांगितलं, "काही नाहीये हिला, खुशाल खाऊ द्या." समीरचं म्हणणं तर असं, की मी त्याच वेळी शेजारी गादी झटकत होते, म्हणून ती शिंकली. समीर म्हणजे माझा नवरा. जगातल्या प्रत्येक संकटाला त्याच्याकडे असलं काहीतरी घरगुती स्पष्टीकरण असतं, आणि वाईट म्हणजे ते बहुतेक वेळा बरोबर असतं.

तरी मी काय केलं? दोन पानांची यादी लिहिली. 'ॲलर्जी झाल्यास ओळखावे कसे व करावे काय.' कलमं पाडून, लाल शाईने. चेहऱ्यावर लालसर ठिपके, अंगाला खाज, चेहरा ताठरल्यासारखा वाटणे, घसा दाटणे. ठिपके दिसताच सर्वांनी खाणे थांबवावे. चेहऱ्यास हात लावू नये, चोळू नये, पाणी लावू नये. डॉक्टरांकडे न्यावे, पण चालवत नेऊ नये. यातलं निम्मं वाचलेलं, निम्मं माझ्या मनाचं. ती यादी मी वैशाली टीचरच्या हातात दिली, आणि सोबत यायची परवानगीही मागितली.

वैशाली टीचर ही फार गोड मुलगी. पण मागच्या सहलीला एका मधमाशीपायी मी अख्खी बस रोपवाटिकेच्या दारातून परत फिरवली होती, ते ती विसरली नव्हती.

"मनूची आई, या ना," ती म्हणाली. "पण या वेळी तुम्ही घाबरायचं नाही. तुम्ही घाबरलात की मुलं घाबरतात."

घरी आल्यावर मनूने तेच सांगितलं, फक्त जरा खडसावून. "आई, तू आलीस तर चालेल. पण घाबरायचं नाही. आणि मी चिक्की खाणार. गरम असते ना तेव्हाची. प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

"मधमाशी आली तरी?"

"मधमाशी आली तरी."

पाच वर्षांच्या मुलीला आईकडून असं जणू लेखीच घ्यावंसं वाटावं, यातच माझी सगळी कीर्ती आली. मी ठरवलं, या वेळी काहीही होवो, आपण शांत राहायचं. या मुलीला इतर मुलांसारखी गरम चिक्की खाऊ द्यायची, आणि इतर आयांसारखं बाजूला उभं राहून फोटो काढायचे. बस्स.

सहलीच्या दिवशी सकाळी आरशासमोर उभी राहिले. चार जागरणं डोळ्यांखाली जमा झालेली. मनू माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "आई, तुझ्या डोळ्यांखाली पेन्सिल खोडून नीट पुसली नाहीये."

आता मला सांगा, या तोंडाने 'मी शांत आहे' असं म्हटलं, तर कोण विश्वास ठेवणार?

मग मला आठवण झाली नणंदेने दिलेल्या सीरमची. दिवाळीत दोन बाटल्या दिल्या होत्या तिने, म्हणाली होती, "वहिनी, काळजी तर तू करणारच. निदान तोंडावर दिसू देऊ नकोस." लावायचं कसं तेही सांगितलं होतं. दोन थेंब. बाकी काय काय सांगितलं ते मी ऐकलंच नाही, कारण तेव्हा मनू चकलीचा तुकडा मोठा तोडत होती.

दोन थेंब! एका बऱ्या झोपेच्या चेहऱ्याला दोन थेंब ठीक आहेत हो. चार जागरणांना दोन थेंब कुठून पुरणार? मी सरळ मनाशी ठरवलं, एका रात्रीला एक ड्रॉपर. चार रात्रींचे चार ड्रॉपर. कोरड्या चेहऱ्यावर, भसाभस. मग पाच मिनिटं वाट पाहिली. वाळेना! उलट बोट लावलं की बोटाबरोबर गालही पुढे येतोय असं वाटायला लागलं. मला वाटलं, पहिलं वाळत नाहीये तर त्यावर दुसरं लावून बघावं. म्हणून दुसऱ्या बाटलीतलं लावलं. त्यावर उन्हाचं क्रीम.

चकाकी मात्र आली. नाकारत नाही मी. समीर दाढी करता करता थबकला आणि म्हणाला, "तुझ्या गालात मला पंखा फिरताना दिसतोय."

"वाळेल आता."

"वाळेल काय? धू ना ते!"

मनूने निघताना पापी घेतली, तर तिचे ओठ सुटताना पाकिटाचं तोंड उघडल्यासारखा आवाज आला. तिने ओठ चाटले आणि तोंड वाकडं केलं. आता धुवायलाच हवं असं मी म्हणते आहे, तोच खाली बसचा हॉर्न वाजला. मनूला घेऊन तशीच धावले.

बसमध्ये खिडकीशी बसले तर डाव्या बाजूचे केस गालाला चिकटले. ते सोडवले तर उजवीकडे ओढणी चिकटली. समीरचा फोन आला, तो कानाला लावला, आणि बोलणं संपल्यावर फोन कानापासून सोलून काढावा लागला. आता हे फोनचं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

पण मी शांत होते! कामशेत गेलं, मळवली गेली, मुलं गाणी म्हणत होती. मनू दर पाच मिनिटांनी मागे वळून माझ्याकडे बघायची. मी तिला अंगठा दाखवायचे. ती समाधानाने पुन्हा पुढे बघायची.

चिक्कीचा कारखाना म्हणजे मोठं पत्र्याचं शेड. आत भट्टी धगधगतेय, कढईत गुळाचा पाक रटरटतोय, आणि तो वास! खरं सांगते, त्या वासाने मी अर्धी निवळले. आम्हाला सगळं दाखवायला तिथे हौसामावशी होत्या. भाजे गावच्या. साठीच्या असतील, पण हात असे चालायचे की बघत राहावं. त्यांनी पाकाचा थेंब पाण्यात टाकून त्याची गोळी मुलांना दाखवली. पाट्यावर तुपाचा हात फिरवला, दाणे घातलेला पाक ओतला, लाटला, भराभरा सुरीने कापला. प्रत्येकाच्या हातात गरम तुकडा ठेवला.

"लगीच खाऊ नगा रं, त्वांड भाजंल. जरा निवू द्या. तवर तुमास्नी शेंगदाणं कसं पाखडत्यात त्ये दावते."

आणि इथे माझ्या शांतपणाची परीक्षा सुरू झाली.

भाजलेले शेंगदाणे मावशींनी गोणपाटात घालून रगडले. मग सूप भरलं. समोर हा एवढा थोरला पंखा. त्या पंख्यापुढे सूप वर करून त्यांनी दाणे सोडायला घेतले, की दाणे खाली टोपलीत आणि लाल फोलपटांचा लोट सगळा पुढे! मुलांना इतकी मजा वाटली, की ती सगळी त्या लोटाच्या दिशेने सरकली. सगळ्यात पुढे मनू.

माझ्या डोळ्यांसमोर काय आलं असेल? फोलपट. नाक. तीन शिंका.

ओरडायचं नाही हे ठरलेलं होतं. मी ओरडले नाही. एक शब्दसुद्धा बोलले नाही. मी फक्त गेले आणि मुलांच्या नि फोलपटांच्या मध्ये उभी राहिले. ओढणी दोन्ही हातांनी पसरली, डोळे मिटले, आणि पंख्याकडे तोंड केलं. भिंतच म्हणा ना. अख्खं सूप रिकामं होईपर्यंत मी हलले नाही. चेहऱ्यावर काहीतरी भुरुभुरु येत होतं, गुदगुल्या होत होत्या. पण मनात म्हटलं, आई होणं म्हणजे हेच.

पंखा थांबला. मी डोळे उघडले आणि हसतमुखाने मुलांकडे वळले.

तीस मुलं माझ्याकडे आ वासून बघत होती.

मग पूर्वा नावाची एक चिमुरडी किंचाळली, "टीचर! मनूच्या आईला झालं!"

"काय झालं?" मी विचारलं.

"ते! यादीतलं! लाल लाल!"

वैशाली टीचरने माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मनूची आई... तुम्ही शेंगदाणे खाल्लेत?"

"दोनच," मी म्हणाले. "चवीला."

आता इथे मुलांचं कौतुक करायला हवं. माझ्या यादीवरून टीचरने वर्गात त्यांच्याकडून दोनदा सराव करून घेतला होता, हे मला माहीत नव्हतं. तीसच्या तीस मुलं पटकन खाली बसली. हातातली चिक्की पुढ्यात ठेवली. हाताची घडी घातली. मनूनेही ठेवली. तिचा तुकडा तर अगदी तोंडापर्यंत गेला होता!

मी घाईने फोन काढला, चेहरा बघावा म्हणून. आणि बघते तो काय! सगळं धूसर, आणि त्या धुक्यात माझा चेहरा लालभडक ठिपक्यांनी भरलेला! फोनच्या काचेवर सकाळचं सीरम माखलंय, म्हणून धूसर दिसतंय, हे मला सुचायला हवं होतं. नाही सुचलं. मला वाटलं, नजरही गेली.

आणि मग एकेक लक्षण सुरू झालं. खाज येतेय का? येतेय. चेहरा ताठरलाय का? भट्टीच्या धगीने अगदी पापड! घसा? घसा काय हो, 'दाटलाय का' असं मनाला विचारलं की कुणाचाही दाटतो.

"टीचर, यादी काढा," मी म्हणाले.

"काढलीय!"

मी गालाकडे हात नेला.

"हात लावू नका! कलम चार!"

"पण खूप खाजतंय..."

"चोळायचं नाही! तुम्हीच लिहिलंय, खाली दोन रेघा मारून!"

एवढ्यात हौसामावशी जवळ आल्या. माझ्या तोंडाकडे वाकून बघत म्हणाल्या, "आवो ताई, जरा हिकडं बगा. ह्ये काय..."

"मावशी, तुम्ही थांबा जरा. टीचर वाचतायत."

"वाचू द्या की. पर मी काय म्हंते, त्ये तुमच्या तोंडाला..."

"माहितीये हो मावशी, पुरळ आलंय!"

"पुरळ न्हाई ओ त्ये!"

"मावशी, तुम्हाला नाही कळायचं. हे फार गंभीर असतं."

आजही हे वाक्य आठवलं की मी उशीत तोंड खुपसते. मावशी गेल्या आणि ओलं फडकं घेऊन आल्या. मी दोन पावलं मागे. "पाणी नको! कलम पाच!" त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि वैशाली टीचरकडे बघून फक्त एवढंच म्हणाल्या, "लय शिकल्यात जनू."

दवाखाना जवळच होता, पण मला चालवू नये असं कलम होतं. मग गूळ उतरवायला आलेला टेम्पो मिळाला. टीचर म्हणाली, मी मुलांपाशी थांबते. मनू हट्टाने माझ्याबरोबर आली आणि तिला धरायला हौसामावशी. मी मागे गुळाच्या ढेपांमध्ये बसले. मनूचा हात घट्ट धरला आणि म्हटलं, "बाळा, आई शांत आहे बरं का."

"मग तू रडतेस का?"

"रडत नाहीये. हेही लक्षण आहे."

मनूने मागे शेडकडे बघितलं, जिथे तिची चिक्की गार होत होती, आणि मग माझा हात दोन्ही हातांत धरला. तेव्हा मात्र मला खरोखरच रडू आलं.

डॉक्टर वयस्क होते. चष्मा कपाळावर. त्यांनी मला दिव्याखाली बसवलं, नाडी बघितली, घसा बघितला, छाती तपासली. सगळं उत्तम. मग चष्मा खाली घेतला, हातात चिमटा धरला आणि माझ्या गालावरचा एक ठिपका उचलला. उजेडात धरला. उलटा केला. सुलटा केला. मग फुंकर मारली. ठिपका उडाला आणि जाऊन टेबलावर पडला.

"कधीपासून आहे हे?" त्यांनी विचारलं.

"अर्धा तास झाला. डॉक्टर, काय आहे हो ते?"

डॉक्टरांनी मावशींकडे बघितलं. मावशींनी डॉक्टरांकडे बघितलं.

"सांगा की आता तुमीच," मावशी म्हणाल्या. "माजं कोन ऐकतंय? फोलपाट हाय त्ये, शेंगदान्याचं. समदं त्वांड भरलंय. मी कवाधरनं सांगतीया!"

डॉक्टर खिडकीबाहेर तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलत होते.

मग ओला कापूस आला. ओल्या कापसाबरोबर माझी ॲलर्जी निघाली. एक बशी भरली! कपाळाची वेगळी, हनुवटीची वेगळी.

"पण चिकटली कशाने एवढी?" डॉक्टरांनी विचारलं. "तोंडाला काय लावलं होतंत?"

"सीरम."

"किती?"

"सांगितलं होतं दोन थेंब..."

"लावलंत किती?"

"चार ड्रॉपर. आणि मग दुसरं. आणि वरून क्रीम."

डॉक्टर पुन्हा खिडकीकडे गेले. परत आल्यावर त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. चेहरा आधी जरासा ओला हवा, त्यावर दोन थेंबच, आणि ते मुरल्याशिवाय वर दुसरं काही लावायचं नाही. जास्त लावलं तरी त्वचा तेवढंच घेते, बाकीचं वर चिकट बसतं.

"मंग! आमच्यात तरी निराळं काय हाय?" मावशी म्हणाल्या. "पाट्याला आदी तुपाचा हात लावावा, मंगच पाक वतावा. आन् पाक किती, तर दान्यापुरता. ह्या ताईंनी कोरड्या पाट्यावर समदी कढई वतली की!"

औषध काहीच दिलं नाही डॉक्टरांनी. कागदावर फक्त एक ओळ लिहिली, 'चेहरा धुणे व झोपणे.' तो कागद समीरने फ्रिजवर लावून ठेवलाय. अजून आहे.

शेडमध्ये परत आलो तर काय दृश्य! तीस मुलं तशीच हाताची घडी घालून बसलेली, प्रत्येकापुढे चिक्कीचा तुकडा. वैशाली टीचर यादी हातात घेऊन उभी. कलम दोन, सर्वांनी खाणे थांबवावे. कधीपर्यंत थांबवावे, ते मी लिहिलंच नव्हतं!

टीचरने माझा स्वच्छ चेहरा बघितला. मग मावशींनी जिन्नस सांगावा तसं एकाच शब्दात सांगून टाकलं, "फोलपटं." टीचर मटकन खालीच बसली. आधी ती हसली, मग मुलं हसली, आणि खरं सांगू, मग मीही हसले. लाल शाईची दोन पानं मी तिच्या हातातून घेतली आणि मावशींच्या भट्टीत टाकली.

"खाऊ का?" मनूने विचारलं.

तिचा तुकडा गार झाला होता. मावशींनी तो काढून घेतला, नव्या घाण्यातला वाफाळता तुकडा कापला, फुंकर मारून तिच्या हातावर ठेवला.

"खा," मी म्हणाले. लेखी काही न मागता!

कुडुम कुडुम आवाज आला. मी तिच्या नाकाकडे बघत राहिले. एक मिनिट. पाच मिनिटं. एकही शिंक नाही. एक शिंक आली, ती मलाच. नाकात एक फोलपट राहिलं होतं.

परतीच्या बसमध्ये मनू माझ्या शेजारी येऊन बसली. ओठांना गूळ, हातात कागदाच्या पुडीत मावशींनी दिलेले दोन जादा तुकडे. माझ्या गालावरून तिने बोट फिरवलं, इकडून तिकडे, अगदी विचारात पडून.

घरी आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं, की तेव्हा ती म्हणाली, "आई, तू माझ्यासाठी मध्ये उभी राहिलीस ना?" नणंदेच्या तर डोळ्यांत पाणी आलं. पण तुमच्याशी कशाला खोटं बोलू? तिने माझा गाल नीट बघितला, चिक्कीचा घास गिळला आणि म्हणाली,

"आई, पुढच्या वेळी आपण तिळाची चिक्की करतात ना, तिथे जाऊ. तेव्हा पण ते चिकट लाव हं. तीळ पांढरे असतात, तुला शोभतील."